558 सापडेपर्यंत: बाबांच्या गाडीतल्या स्टिरिओच्या नोंदी

6 नोव्हेंबर 2022, रविवार

बाबांच्या वॅगन-आरमधला सेट काल संध्याकाळी गेला. दिवा लागतो, आकडे दिसतात, आवाज नाही. गेले दोन-तीन महिने त्याची लक्षणं ठीक नव्हतीच. कधी एकाच बाजूने वाजायचा, कधी चाक खड्ड्यात गेलं की मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. गाडी 2011ची. घेतली तेव्हा तिच्यात म्युझिक सिस्टीम नव्हता, म्हणून बाबांनी बाहेरून एक सीडीवाला सेट बसवून घेतला होता. बाबा त्याला अजून टेपच म्हणतात. अकरा वर्षं चालला, म्हणजे त्याने त्याचं काम केलं.

बाबा 73 वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीन दिवस आईला फिजिओथेरपीसाठी भांडुपहून मुलुंडला नेतात, महिन्यातून एकदा दोघं गिरगावात आत्याकडे जातात. एरवी गाडी इमारतीखाली उभी. गाडीत लागतं ते सकाळी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, 558 किलोहर्ट्झ, आणि परतताना विविध भारती, 102.8. आईसाठी पेन ड्राइव्हवर अभंग.

"कुठला घेऊ बाबा?" विचारलं तर म्हणाले, "मला काही नको गं. पाचशे अठ्ठावन्न लागलं पाहिजे. हल्ली फार खरखरतं. त्यांनी ताकद कमी केलीय बहुतेक."

माझं रोजचं काम प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करण्याचं. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन घरातच असते. गाडीच्या वायरिंगला मात्र पहिल्यांदा हात लावणार आहे, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

8 नोव्हेंबर, मंगळवार

कामावरून आल्यावर तासभर जुना सेट बाहेर काढण्यात गेला. डॅशबोर्डची मधली चौकट क्लिपांवर बसलेली असते. प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचकटली तर निघते, पेचकस घातला तर ओरखडे पडतात. (एक पडला. डाव्या कोपऱ्यात, खाली. बाबांना सांगितलं.)

आतली खाच 2-डिनची आहे. डिन हे मूळचं जर्मन मानक, आता आयएसओ 7736 या नावाने जगभर चालतं. 1-डिन म्हणजे सेटचं तोंड साधारण 180 मिलिमीटर रुंद आणि 50 उंच. 2-डिन म्हणजे रुंदी तीच, उंची दुप्पट. जुना सेट 1-डिनचा होता आणि खालच्या अर्ध्या जागेत एक खण बसवलेला होता. त्या खणात बाबांच्या चष्म्याचं घर, पार्किंगच्या पावत्या आणि खडीसाखरेची डबी असते. अकरा वर्षं असते. ही गोष्ट मी मुद्दाम मोजमापांच्या शेजारी लिहिते आहे, कारण मोठा स्क्रीन बसवला तर हा खण जातो.

मागचं वायरिंग पाहून मात्र वाईट वाटलं. गाडीचा कपलर (वायरींच्या दोन गठ्ठ्यांना जोडणारा प्लास्टिकचा खटका) कापून वायरी पिळून एकमेकींना जोडलेल्या, वर नुसती इन्सुलेशन टेप. मुंबईच्या उन्हात टेपचा गोंद वितळून सगळ्या वायरी राळेत बुडवल्यासारख्या चिकट झाल्या होत्या. दोन जोड तर हात लावताच सुटले. कदाचित सेट बिघडलेलाच नसेल, हे जोड सुटले असतील. पण आत जळका वास आहे आणि पेन ड्राइव्हची खाचही ढिली झाली आहे, तेव्हा नवाच घ्यायचा हे ठरलं.

10 नोव्हेंबर, गुरुवार

ठाण्याहून दादाचा फोन. त्याचं म्हणणं, आता घेतोच आहोत तर नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन घे. नकाशा दिसेल, मागे कॅमेरा लावता येईल, आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर अॅपवर अस्मिता वाहिनीसुद्धा ऐकता येईल, ती पण खरखरीशिवाय.

त्याचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. मागच्या कॅमेऱ्याचा मुद्दा तर मला पटला. आमच्या इमारतीत गाडी मागे घेताना बाबांची मान आता पूर्वीसारखी वळत नाही. म्हणून रात्री बसून तीन वाटा नीट तपासल्या.

पहिली, दादा म्हणतो तो अँड्रॉइड सेट. हा खरं तर डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेट. स्वतःची मेमरी, स्वतःची अॅप्स. इंटरनेट लागतं, म्हणजे फोनचा हॉटस्पॉट किंवा वेगळं सिम. चावी फिरवली की पूर्ण सुरू व्हायला वेळ लागतो, तो वाचवायचा म्हणून बरेच सेट गाडी बंद असतानाही झोपल्या अवस्थेत बॅटरी खात राहतात. आमची गाडी कधी आठ-आठ दिवस हलत नाही.

दुसरी, नामांकित कंपन्यांचा 2-डिन टच स्क्रीन, ज्याला अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले चालतं. इथे डोकं फोनचं, स्क्रीन फक्त आरसा. गाडी स्वतः चालवणाऱ्या, रोज नव्या पत्त्यावर जाणाऱ्या माणसाला मी हाच सुचवीन. गाडी चालवताना हातात फोन धरून नकाशा बघण्यापेक्षा डॅशबोर्डवरचा नकाशा कितीतरी बरा.

तिसरी, 1-डिनचा साधा सेट. सीडी नाही, गोल नॉब, सहा बटणं, पुढे यूएसबी, ब्लूटूथ.

मग बाबांच्या शेजारी बसून दोनदा मुलुंडला गेले त्या फेऱ्या डोळ्यांसमोर आणल्या. त्यांचा डावा हात गिअरवरून उठतो, न बघता नॉबवर जातो, आवाज कमी-जास्त होतो, हात परत गिअरवर. नजर रस्त्यावरून हलत नाही. काचेच्या सपाट स्क्रीनवर हे होणार नाही. तिथे बोट कुठे पडलं ते बघावंच लागतं. आणि लाल बहादूर शास्त्री मार्गावर सकाळी नऊला नजर अर्धा सेकंद जरी हटली तरी पुढे रिक्षा आडवी आलेली असते.

न्यूज ऑन एअरचं म्हणाल तर ते घरी स्वयंपाकघरात आईच्या फोनवर छान चालतं. पण गाडीत आधी फोन काढा, अॅप उघडा, वाहिनी शोधा, जोडा. बाबांना चावी फिरवली की बातम्या हव्या असतात. रेडिओ त्यांच्यासाठी आहे तो असा.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग कॅमेऱ्याचं काय?" त्यावर मार्ग असा निघाला की मागच्या बंपरला पार्किंग सेन्सर लावायचे, बीप वाजणारे. त्यांना स्क्रीन लागत नाही. ते काम वेगळं, नंतर.

12 नोव्हेंबर, शनिवार

लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोडला उतरून चालत गेले. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार धरला.

बरोबर एक वही आणि एक प्रश्न नेला होता: "याला एएम आहे का आणि पायरी किती?" एएम म्हणजे मध्यमलहरींचा पट्टा, 558 त्यातलंच. पायरी म्हणजे नॉबच्या एका टप्प्याला आकडा कितीने सरकतो ते. पहिल्या दोन दुकानांत हा प्रश्नच नवा होता. "मॅडम, एएम कोण ऐकतं? ब्लूटूथ आहे ना," असं उत्तर. तिथल्या स्वस्त अँड्रॉइड सेटांमध्ये फक्त एफएम होतं.

तिसऱ्या दुकानात एक फार देखणा 1-डिन सेट मिळत होता, बाजारभावापेक्षा दीड हजाराने कमी. खोक्यावरून कळलं की माल अमेरिकेसाठी बनवलेला आहे. शेठना म्हटलं, जरा वीज जोडून दाखवा. त्यांनी टेबलावरच्या अॅडॉप्टरला जोडून दिला, त्यांचे आभार. मी एएमवर नॉब फिरवला. 530, 540, 550, 560. मध्ये काही नाही. मग एफएम. 102.5, 102.7, 102.9.

हे असं का होतं ते माहीत असायला हवं. अमेरिकेत मध्यमलहरींची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडे आणि युरोपात नऊ-नऊच्या. अस्मिता वाहिनीचे 558 म्हणजे नऊ गुणिले बासष्ट, आकाशवाणीच्याच संवादिता वाहिनीचे 1044 म्हणजे नऊ गुणिले एकशे सोळा. दहाच्या पायरीवर हे दोन्ही आकडे येतच नाहीत. 560 वर ठेवून 558 ऐकलं तर बिघडलेला आवाज येतो. एफएमचंही तेच. अमेरिकेतला सेट दोन-दोन दशांशांनी उडी मारतो आणि नेहमी विषम आकड्यावर थांबतो, त्यामुळे 98.3, 93.5, 91.1 सगळं व्यवस्थित लागतं आणि माणसाला वाटतं रेडिओ ठीक आहे. विविध भारतीचं 102.8 मात्र दोन उड्यांच्या मधे राहून जातं. काही सेटमध्ये ही पायरी मेनूतून बदलता येते. या सेटचा मेनू मी आणि शेठनी मिळून दोनदा पाहिला, त्यात तो पर्याय नव्हता.

दीड हजार वाचवून घरी नेला असता तर बाबांच्या दोन्ही वाहिन्या त्यावर नीट लागल्या नसत्या. आणि दोष पुन्हा आकाशवाणीच्या माथी गेला असता.

चौथ्या दुकानात भारतात अधिकृत विकले जाणारे सोनी, पायोनियर, केनवुड, जेबीएल असे चार नॉबवाले सेट ओळीने ठेवले होते. सगळ्यांचा नॉब फिरवून पाहिला. हा वेळ मला अजिबात फुकट वाटला नाही. एकाचा नॉब इतका गुळगुळीत की घामेजल्या बोटांतून निसटेल. एकाचा छान खाचांचा, प्रत्येक पायरीला हलकासा टिक असा स्पर्श होतो. एका सेटच्या आकड्यांचा रंग निळा होता, तो बाबांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रात्री टोचायचा असं आठवलं, म्हणून रंग बदलता येणारा पाहिला. विकत काही घेतलं नाही. वहीत लिहून परत आले.

13 नोव्हेंबर, रविवार

वॅटचा घोळ एकदा नीट मांडून ठेवते, दादाला पाठवायला.

खोक्यांवर 50 वॉट गुणिले 4, 55 वॉट गुणिले 4 असं छापलेलं असतं. हा क्षणभराचा शिखर आकडा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. सेटमधला अॅम्प्लिफायर स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलतो, तरी त्याला मिळणारं शिखर 14.4च्या वर जात नाही. 14.4चा वर्ग 207, त्याला 4 ओहमच्या स्पीकरसाठी आठाने भागलं की 26 वॉट. आवाज न फाटता सतत मिळणारी ताकद ही त्याच्याही आत, माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेली असते, वीस-बावीसच्या आसपास. आणखी सोपी खूण म्हणजे सेटच्या पाठीवरचा फ्यूज. 10 अँपिअरचा फ्यूज 14.4 व्होल्टला 144 वॉट आत घेऊ देतो, मग बाहेर 200 सतत कुठून येतील?

तेव्हा 50 आणि 55 मध्ये निवड करण्यात अर्थ नाही. वॅगन-आरच्या चार दारांना वीस वॉट भरपूर झाले.

शेवटी निवड अशी झाली: 1-डिन, नऊ किलोहर्ट्झच्या पायरीचा एएम, खाचांचा नॉब, पुढे यूएसबी, वेगळा माइक जोडता येणारं ब्लूटूथ, आकड्यांचा रंग बदलता येणारा. चारपैकी दोन सेट यात बसत होते. नॉबवरून एक ठरला. खण राहिला.

16 नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसमधून लवकर निघून सेट घेतला. 6,400 रुपये, पक्की पावती, वॉरंटी कार्डावर शिक्का. मारुतीचा कपलर 250. खणासह चौकट 400.

19 नोव्हेंबर, शनिवार

आज सगळं काम जेवणाच्या टेबलावर. कपलरच्या वायरी आणि सेटच्या वायरी गाडीत वाकून जोडण्यापेक्षा आधी घरी जोडून घ्यायच्या, म्हणजे गाडीत फक्त कपलर खटकन बसवायचा.

सेटच्या बाजूचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. पिवळी कायम बारा व्होल्टची, तिच्यावर घड्याळ आणि साठवलेली केंद्रं जगतात. लाल चावीची. काळी अर्थिंग. निळी अँटेनाची मोटर किंवा बूस्टर असेल तर त्याला. स्पीकरना पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची जोडीदार ही उणे. गाडीच्या बाजूला या रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, तिथे कंपनीचे स्वतःचे रंग असतात. प्रत्येक पिन मीटरने तपासून कागदावर लिहिली: चावी बंद असताना 12.5 व्होल्ट कुठे, चावी फिरवल्यावर कुठे येतात, बॉडीशी शून्य ओहम कुठे.

स्पीकरच्या उण्या वायरी बॉडीला लावायच्या नाहीत, हे वेगळ्या शाईने लिहिलं. जुन्या रेडिओंत तसं चालायचं. आताच्या सेटमध्ये दोन्ही टोकांवर ताकद असते, उणी वायर बॉडीला टेकली की अॅम्प्लिफायर जातो.

सोळा जोड. प्रत्येकाला आधी श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) घालायची, मग सोल्डर, मग ट्यूब सरकवून गरम हवा. चौथ्या जोडाला ट्यूब घालायची विसरले, उकलून पुन्हा केला. आई समोर मेथी निवडत बसली होती. तिने प्रत्येक जोडाच्या वेळी "ट्यूब घातलीस का?" विचारायला सुरुवात केली, त्यानंतर एकही चुकला नाही.

20 नोव्हेंबर, रविवार

सकाळी बॅटरीची उणी तार काढून काम सुरू. सेट जोडण्याआधी चारही स्पीकर तपासले. मीटरवर 3.5 च्या आसपास ओहम, चारही जिवंत.

मग पेन्सिल सेलची युक्ती. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवायचा. धन धनाला टेकला तर स्पीकरचा पडदा बाहेर येतो, उलटा असेल तर आत जातो. बाबा मागच्या दाराशी जाळी काढून बसले, मी पुढून सेल टेकवत होते. "बाहेर." "बाहेर." "बाहेर." मागचा डावा. "आत गेला." पुन्हा टेकवला. "आत."

अकरा वर्षं हा एक स्पीकर उलटा जोडलेला होता. इतर पडदे हवा पुढे ढकलत होते तेव्हा हा मागे ओढत होता. मृदंगाची थाप, तबल्यातला बायाँ, जे काही खालच्या सुरांचं असतं ते अशाने एकमेकांना खाऊन टाकतं. "मागे बसलं की गाणं पोकळ वाटतं," असं आई नेहमी म्हणायची आणि आम्ही तिला पुढे बसायला सांगायचो.

कपलरवर त्या दोन पिना अदलाबदल केल्या. सेटचा लोखंडी पिंजरा चौकटीत घालून त्याचे कान वाकवले, वायरींचा गठ्ठा एका बाजूला बांधला (तो मागे साठला तर सेट पूर्ण आत जात नाही), अँटेनाची जाड पिन दाबली, सेट ढकलला. माइक ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर, वर, एसीच्या झोतापासून लांब.

चावी फिरवली. विविध भारती पहिल्या झटक्यात लागली. आई मागच्या सीटवर डावीकडे जाऊन बसली आणि काही न बोलता हाताने मांडीवर ठेका धरला.

मग 558. खरखर. त्या खरखरीच्या मागे कुठेतरी निवेदिकेचा आवाज. जुन्या सेटवर होता तसाच, कदाचित थोडा वाईट. बाबा म्हणाले, "असू दे. सांगितलं ना, त्यांचंच कमी झालंय."

मला ते पटलं नाही. घरातला जुना ट्रान्झिस्टर खाली आणला. गाडीपासून दहा पावलांवर, इमारतीच्या फाटकाशी तो स्वच्छ बोलत होता.

22 नोव्हेंबर, मंगळवार

पहिला अपराधी सापडला. लायटरच्या खाचेत डॅशकॅमसाठी लावलेला स्वस्त चार्जर. तो बारा व्होल्टचे पाच करतो ते सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून, आणि आत गाळणी नीट नसेल तर तो स्वतःच एक छोटं खरखर केंद्र होतो, नेमकं मध्यमलहरींच्या पट्ट्यात. उपटला तसा आवाज निम्म्याने निवळला. पण निम्म्यानेच.

इंजिन बंद, चार्जर नाही, तरी खरखर आहे. म्हणजे आता अँटेना.

26 नोव्हेंबर, शनिवार

ही नोंद लांबणार आहे.

अँटेनाची वायर म्हणजे एक मधली तार आणि तिच्याभोवती जाळीचं कवच. मधली तार छतावरच्या दांड्याला, कवच गाडीच्या पत्र्याला. मीटर लावला. मधली तार ते दांडा: शून्य ओहम, उत्तम. मधली तार ते कवच: संपर्क नाही, तेही बरोबर. कवच ते पत्रा, म्हणजे सेट बाहेर काढून पिनेच्या बाहेरच्या नळीपासून दाराच्या बोल्टपर्यंत: आकडा स्थिर राहीना. 60, 200, मग तुटलेलं, दांडा हलवला की पुन्हा 90.

छताचं आतलं अस्तर जरासं खाली घेतलं आणि अँटेनाच्या बुडाचा नट सैल केला. बूड वर उचललं तर खालच्या रबरी गास्केटला एका बाजूला चीर होती. त्या चिरेतून अकरा पावसाळे आत झिरपले होते. पत्र्याला पकडायचा दातेरी वॉशर तपकिरी पापुद्र्यांचा झाला होता, नखाने खरवडला तर भुकटी पडली. कवचाची तांब्याची जाळी जिथे बुडाला जोडली होती तिथे हिरवा थर, देवघरातल्या न घासलेल्या पंचपात्रीवर येतो तसा.

एफएम स्वच्छ आणि एएम खरखरीत, याचं उत्तर इथे होतं. 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटर लांब असते, छतावरचा दांडा तिच्या चौथाईच्या आसपास जातो आणि अर्थिंग थोडं वाईट असलं तरी निभावून नेतो. 558 किलोहर्ट्झची लहर आहे सुमारे 537 मीटर. तिच्यापुढे हा हातभर दांडा म्हणजे काहीच नाही. त्याला मिळतो तो सिग्नल इतका थोडा की कवचाचं अर्थिंग गेलं की वायर वाटेतला सगळा कचरा गोळा करत सेटपर्यंत येते, चार्जरचा, डिस्प्लेचा, इंजिनाच्या ठिणग्यांचा. नवा सेट आणखी दहा हजारांचा आणला असता तरी हेच ऐकू आलं असतं.

पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, फक्त वॉशरपुरता. जाळी नव्याने सोल्डर केली. नवा वॉशर आणि गास्केट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणले होते, 70 रुपये. घासलेल्या जागी व्हॅसलिनचा पातळ हात, नट घट्ट. कवच ते पत्रा: 0.2 ओहम, दांडा हलवला तरी 0.2.

बाबांना खाली बोलावलं. ते चालकाच्या सीटवर बसले, चावी अर्धी फिरवली, हात न बघता नॉबवर गेला.

बातम्या चालू होत्या. फाटकाशी ट्रान्झिस्टर जसा बोलत होता तशा. बाबांनी आवाज कमी केला, पुन्हा वाढवला, पुन्हा कमी केला. मग म्हणाले, "म्हणजे ते इतकी वर्षं नीटच लावत होते."

27 नोव्हेंबर, रविवार

चाचणी फेरी. भांडुप, पूर्व द्रुतगती महामार्ग, मग पूर्व मुक्त मार्गाने थेट पी. डिमेलो रोड, तिथून गिरगाव. मुक्त मार्गावरच्या बोगद्यात 558 पूर्ण गेलं, बाहेर पडताच आलं. बोगद्यात एएम जाणारच, त्यावर इलाज नाही. विजेच्या मोठ्या मनोऱ्यांच्या तारांखाली काही सेकंद गुणगुण. बाकी स्वच्छ.

ब्लूटूथवर आत्याला फोन लावला, महामार्गावर, काचा वर. तिला शब्द न् शब्द कळला. काचा खाली केल्यावर कळेना. ठीक आहे.

डॅशकॅमसाठी चांगला चार्जर आणून एएम लावून तपासला. फरक ऐकू येत नाही.

4 डिसेंबर, रविवार

आईच्या पेन ड्राइव्हची अडचण. गाणी वाजतात, पण पट्टीवर नावाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. या आकाराच्या डिस्प्लेला देवनागरी येत नाही. शिवाय 64 जीबीचा नवा पेन ड्राइव्ह सेटने वाचलाच नाही, तो एक्सफॅट या फाइल-मांडणीत होता, ती या सेटला कळत नाही. 16 जीबीचा जुना फॅट32 या जुन्या मांडणीत करून भरला.

नावांऐवजी फोल्डरना आकडे दिले. 01 काकडा, 02 हरिपाठ, 03 तुकोबांचे अभंग, 04 नाट्यगीतं, 05 भावगीतं. हीच यादी आईने स्वतःच्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहिली आणि तिच्या बाजूच्या सन व्हायझरला रबराने अडकवली. तिने 06 वर स्वतःहून "बाबांचं" असं लिहून जागा रिकामी ठेवली आहे. काय भरायचं ते बाबांनी अजून सांगितलेलं नाही.

11 डिसेंबर, रविवार

दोघं आठवडाभर अलिबागला मावशीकडे होती, बोटीने गेली. गाडी सात दिवस उभी. निघण्याआधी गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा एकूण प्रवाह मोजला होता, सेटसह 18 मिलिअँपिअर. दिवसाला साधारण 0.43 अँपिअर-तास, सात दिवसांत तीनच्या आसपास. बॅटरी 35 ची. आज सकाळी मीटरवर 12.4 व्होल्ट, पहिल्या चावीला सुरू.

हिशोब: सेट 6,400, कपलर 250, चौकट 400, श्रिंक ट्यूब आणि सोल्डर 140, गास्केट आणि वॉशर 70, चार्जर 650. एकूण 7,910.

राहिलेलं काम: मागच्या डाव्या दाराची जाळी आता खालच्या सुरांना थरथरते, तिच्या क्लिपांखाली फेल्ट लावायचं. पार्किंग सेन्सर जानेवारीत, दादा येईल तेव्हा.

साठवलेली केंद्रं, बाबांनी स्वतः भरलेली: एएमच्या बटण 1 वर 558, 2 वर 1044. एफएमच्या 1 वर 102.8, 2 वर 100.7. बाकीची बटणं त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली आहेत म्हणे.